पाना कोणाच्या हातात?

(मानकोली येथे झालेल्या कार्यकर्ता व हितचिंतक मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात आजवर आरोग्यावर, शिक्षणावर, वनहक्कांवर भाषणं झाली. मला मात्र जुन्या जीपगाड्यांवर बोलायला सांगितलंय. मी काही वक्ता नाही. इथलाच, मानकोलीचा. आठवडाभर एका गोदामात मालाचा हिशेब ठेवतो आणि रविवारी चार मित्रांसोबत जुन्या फोर व्हील गाड्या दुरुस्त करतो. संस्थेची हिरवी जीप तुम्ही पाड्यांवर पाहता ना, ती आमच्याच शेडमधून बाहेर पडली. ती जीप ठेवायची की भंगारात काढून नवी गाडी घ्यायची, हा प्रश्न सध्या कार्यकारिणीपुढे आहे. त्यावर माझं मत मी सांगणार आहे. पण आधी ही गाडी काय आहे आणि ती उभी कशी राहिली, ते ऐका.

मानकोली म्हटलं की लोकांना नाका आठवतो, आणि नाक्यावरची गाड्यांची रांग. इथं भातखाचरं होती, आता गोदामं आहेत. मुंबई-नाशिक रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. ट्रक आले आणि गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, तसे त्यांच्यामागून टायरवाले आले, कमान-पाटेवाले आले, रेडिएटरवाले, डिझेल पंपवाले, लेथवाले, वेल्डर आले. जुनी जीप दुरुस्त करायला जे जे हात लागतात, ते सगळे या नाक्याच्या आसपास सापडतात. आम्हाला शोधायला दूर जावं लागलं नाही.

आमच्यातले काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. गिअर बॉक्सचा आवाज ऐकून कोणता बेअरिंग गेला ते सांगतात. दुसरे भाई, भिवंडीत यंत्रमागावर जॉबर आहेत. मागाचा तुटलेला भाग लेथवर बनवून पुन्हा बसवायचा, हे त्यांचं रोजचं काम, त्यामुळे बाजारात न मिळणारा बुश ते करून देतात. तिसरा गोदामातल्या फोर्कलिफ्टची वायरिंग बघतो. चौथा वेल्डर. आणि मी सुटे भाग, कागदपत्रं आणि वही सांभाळतो. वहीबद्दल पुढं सांगेन, कारण आज मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच बोलायचंय.

आता जीपची थोडी कुळकथा. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी आणि चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. बॅन्टम नावाच्या एका लहानशा कंपनीनं ४९ दिवसांत पहिला नमुना करून दिला. पुढं विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ साली, जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. १९४९ साली मुंबईत माझगावला विलीजच्या आयात भागांची जोडणी सुरू झाली. नंतर कांदिवलीत आणि पुढं नाशिकला कारखाने आले. म्हणजे मानकोलीच्या या रस्त्याच्या एका टोकाला कांदिवली आणि दुसऱ्या टोकाला नाशिक. या गाड्या आमच्या दारावरूनच गेल्यात.

ही कथा मी एका कारणासाठी सांगितली. ही गाडी रणांगणावर, चिखलात, शिकलेला इंजिनिअर जवळ नसताना दुरुस्त व्हावी अशा बेतानं बनवलेली आहे. पत्रा सरळसोट, त्याला फार वळणं नाहीत. वेल्डर तो कापून नवा तुकडा लावू शकतो. इंजिनाचा प्रत्येक भाग बॉनेट उघडलं की हाताला लागतो. चार-पाच पाने, एक पक्कड, एक हातोडा आणि जॅक, एवढ्यावर निम्मी कामं होतात. संस्थेची जीप पुढच्या पिढीतली, महिंद्र एमएम ५४०. तिला प्युजोच्या परवान्यावर बनलेलं २.१ लिटरचं डिझेल इंजिन आहे. पण जात तीच. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बंद पडली तर बघून, ऐकून, हुंगून कारण सापडतं.

आमच्या शेडमध्ये आजवर पाच गाड्या उभ्या राहिल्या. तीन महिंद्र, एक मारुती जिप्सी आणि एक जोंगा. जोंगा ही सैन्याची गाडी, निसानच्या परवान्यावर जबलपूरला बनायची. तिच्या नावातलं पहिलं अक्षरसुद्धा जबलपूरचंच. गाडी वाघासारखी. पण पेट्रोल पिते आणि सुटे भाग शोधता शोधता माणूस दमतो. तिच्या मालकानं ती हौसेनं ठेवलीय, त्याला आमचा नमस्कार. पाड्यावरच्या कामाला मात्र ती चालणार नाही. जिथं गाडी वापरायची तिथून एका दिवसात जिचा भाग आणता येतो, ती गाडी कामाची. 'जुनं ते सोनं' ही म्हण गाडीला लावायची तर अर्धीच लावावी.

आता ताई-दादांनो, फोर व्हील म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो, कारण यावर पुष्कळ गैरसमज आहेत. साध्या जीपमध्ये जोर मागच्या दोन चाकांना जातो. मध्ये डिफरन्शिअल असतं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, ते त्याच्यामुळे जमतं. पण त्याचा एक दुर्गुण आहे. एक चाक चिखलात गेलं की ते मोकळं गरगरतं आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म हलत नाही. मग आपण दांडा ओढून फोर टाकतो. पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि ती गाडीला ओढून काढतात. दुसऱ्या दांड्यानं लो टाकला की गाडी मुंगीच्या पावलानं पण बैलाच्या ताकदीनं चालते.

मात्र हा दांडा डांबरी रस्त्यावर ओढून ठेवायचा नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वळणानं जातात. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांत अडकलेले असले की तो फरक भरून काढायला जागा राहत नाही. चिखलात चाक थोडं घसरून फरक निघून जातो. डांबरीवर घसरायला जागा नाही, मग तो ताण गिअर बॉक्सवर आणि क्रॉसवर येतो. आमच्याकडे आलेल्या तीन गाड्यांचे क्रॉस याच कारणानं गेले होते. चालवणारा वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

संस्थेची जीप आमच्याकडे आली तेव्हा एका देणगीदारांच्या वाडीत चार पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. वरून ठीक दिसत होती. खालून फरशीचा पत्रा बोटानं दाबला तर भोक पडत होतं. इंजिन अडकलेलं नव्हतं, हे नशीब. आठ महिन्यांचे रविवार गेले. पहिले दोन महिने आम्ही रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांचा नियम आहे: आधी थांबणं, मग वळणं, मग चालणं, आणि दिसणं सर्वांत शेवटी. म्हणून पहिल्यांदा ब्रेक. या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेक ऑइलची एकच वाट असते. एका ठिकाणी पाइप गळला तर चारही ब्रेक जातात. आम्ही सगळे पाइप, व्हील सिलिंडर आणि लाइनिंग नवे घातले. मग स्टेअरिंग आणि किंगपिनचे बेअरिंग. मग कमानी, शॅकलचे बुश, यू-बोल्ट. मग गिअर बॉक्स. इंजिनाला नवे रिंग-बेअरिंग लागले. फरशी वेल्डरनं नवी केली. हिरवा रंग शेवटच्या रविवारी लागला.

या आठ महिन्यांत आमच्यासोबत सहावा जण होता. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा एकोणीस वर्षांचा तरुण. आई-वडील दर हंगामात भिवंडीकडच्या वीटभट्टीवर यायचे, त्यामुळे त्याची शाळा आठवीत सुटली. संस्थेच्या ताईंनी विचारलं, याला शनिवारी रात्री आणून सोडलं तर चालेल का? काका म्हणाले, हात काळे करायची तयारी असेल तर चालेल. पहिले तीन रविवार त्यानं नुसते नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुतले. चौथ्या रविवारी त्यानं कोणता बोल्ट कुठला ते न विचारता ओळीनं मांडून ठेवलं. काकांनी काही न बोलता त्याच्या हातात पाना दिला.

आम्ही त्याला गाडी शिकवली आणि त्यानं आम्हाला ओढे शिकवले. कोणत्या उतारावर मुरूम आहे, कुठं वरून सुकलेली पण आत लोण्यासारखी काळी माती आहे, ओढ्यात पाणी कुठं पसरट वाहतं आणि कुठं खड्डा आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. आम्हाला फोर कसा टाकायचा ते माहीत होतं. कुठं टाकायचा, हे त्याला माहीत होतं. आज तीच गाडी तो चालवतो आणि तोच दुरुस्त करतो.

दोन पावसाळ्यांपूर्वीची, जुलैमधली एक रात्र सांगतो. पाड्यावरच्या एका ताईंना कळा सुरू झाल्या. आशाताईंनी १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका निघाली, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येणार. पाडा आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा. पूर्वी अशा वेळी झोळी करून चौघं खांद्यावर न्यायचे. त्या रात्री जीप ओढ्याशी आली. मागं ताई, त्यांच्या सासूबाई आणि आशाताई. पाऊस चालूच. सगळे म्हणाले, घाल गाडी.

त्यानं गाडी घातली नाही. खाली उतरला, काठी घेऊन काठाकाठानं पाण्यात गेला, परत आला आणि एक खुणेची काठी काठाशी रोवली. म्हणाला, पाणी हबच्या वर आहे आणि ओढ जोराची आहे, थांबायचं. लोक चिडले. आत बाई कळा देत होती, यात चिडण्यासारखंच होतं. आशाताईंनी तपासून सांगितलं, अजून वेळ आहे. वरच्या अंगाला पाऊस थांबला होता. पाऊण तासात खुणेच्या काठीवरचं पाणी वीतभर उतरलं. मग त्यानं फोर टाकला, लो टाकला, पहिल्या गिअरमध्ये, मध्ये क्लच न दाबता, पसरट जागेवरून गाडी पलीकडे नेली. पलीकडे रुग्णवाहिका उभी होती. पहाटे ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. ही हकिकत आम्हाला त्यानं नाही, आशाताईंनी सांगितली.

त्यानं सांगितलं ते वेगळंच. पुढच्या रविवारी शेडमध्ये आला आणि म्हणाला, काका, मी परवा मागच्या डिफरन्शिअलचा प्लग उघडला, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, ते काढून नवं भरलं. का झालं असेल? काकांनी दाखवलं. गाडी चालून डिफरन्शिअल तापलेलं असतं. ते गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. वरचा ब्रीदर मातीनं बुजलेला असला की बाहेरची हवा आत जायला वाट नसते, मग सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आता तो ब्रीदर दर पंधरा दिवसांनी साफ करतो. ते ऑइल तसंच राहिलं असतं तर दिवाळीपर्यंत गिअर खलास झाले असते, आणि आपण म्हटलं असतं, जुनी गाडी, दगा दिला.

मित्रहो, माझं म्हणणं एवढंच आहे. त्या रात्री गाडी ओढ्यापलीकडे गेली ती फोर व्हील होती म्हणून. पण योग्य वेळी थांबली ती, तिचं पोट ज्यानं स्वतः उघडून पाहिलंय त्याच्या हातात होती म्हणून. पाणी कुठवर चढलं तर इंजिन ते आत घेईल, कुठवर चढलं तर पंखा पाणी उडवेल, हे पाठ करून येत नाही. पाना हातात घेतल्यावर येतं.

आपल्या भागाला या विचाराची ओळख जुनी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं १९५७ साली ते कोसबाडला गेलं, आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर सांभाळलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळा पाड्यात नेली, अंगणात भरवली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवली. मुलांना शिकवायचं साहित्यही आसपासच्या पानाफुलांतून, बियांतून, मातीतून उभं केलं. दुरुस्तीचं ज्ञानही तसंच पाड्यात गेलं पाहिजे. नाहीतर आपण शहरातून वस्तू पाठवत राहू आणि ती बंद पडली की पाड्यावरचा माणूस फोन करून वाट बघत बसेल. बंद पडलेले हातपंप आणि बॅटरी संपलेले सौर दिवे आपण सगळ्यांनी पाहिलेत. नव्याचे नऊ दिवस संपले की दहाव्या दिवशी कोण, हे आधी ठरलेलं हवं.

आता व्यवहाराचं. जुनी गाडी ठेवायची तर कायदा सांभाळून. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी पाच हजार झाली आणि २०२५ साली २० वर्षांवरच्या मोटारीसाठी दहा हजार. शिवाय पर्यावरण कर आणि विमा. सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढं चालू ठेवता येत नाही. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले, पण तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, ती प्रदर्शनापुरती. आणि आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन किंवा सांगाडा बदलायचा नाही. रुंद टायर, उंच कमानी, भोंगे हे हौशी लोकांनी त्यांच्या जागी करावं. आपल्या जीपला यातलं काही नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही जीप रुग्णवाहिका नाही. तिच्यात प्राणवायू नाही, डॉक्टर नाही, आजच्या गाडीसारखी अपघातात माणसाला जपणारी रचना नाही. पाड्यापासून रुग्णवाहिकेच्या चाकापर्यंत पोहोचवणं, एवढंच तिचं काम. हायवेवर रुग्ण घेऊन ती कधीही जाणार नाही, असा नियम आम्ही केलाय आणि तो मोडू नये.

आता ती वही. जीपची प्रत्येक फेरी त्या वहीत आहे. तारीख, वेळ, कोणासाठी, ओढ्याला पाणी किती, किती वेळ थांबावं लागलं. सुरुवातीला ही वही ऑइल बदलायची आठवण राहावी म्हणून घातली होती. गेल्या पावसाळ्यात मी ती चाळायला बसलो तेव्हा दिसलं, की हे गाडीपेक्षा ओढ्याचंच दफ्तर झालंय. कुठल्या दिवशी किती माणसं अडकली, सगळं लिहिलेलं. त्या ओढ्यावर साकव हवा, ही पाड्याची मागणी कितीतरी वर्षांची आहे. तोंडी सांगितलं की ऐकून घेतात. ही वही ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडली तर तिला उत्तर द्यावं लागेल. जीप चालतेय म्हणून साकवाची घाई नाही, असं कोणी म्हणू लागलं तर आमच्या सगळ्या रविवारांवर पाणी पडलं, असं मी समजेन.

म्हणून माझं मत असं. जीप ठेवावी. पण काही अटींवर. दर वर्षी मे महिन्यात काकांनी सांगाडा तपासावा, आणि सांगाड्याला तडा दिसला त्या दिवशी माया न ठेवता तिला भंगारात द्यावं. पाड्यांवरच्या आणखी दोघांनी, त्यात एक मुलगी असावी असा आशाताईंचा आग्रह आहे आणि तो मला पटतो, या पावसाळ्याआधी शेडमध्ये शिकायला यावं. त्यांची येण्या-जाण्याची आणि बुडालेल्या रोजाची भरपाई संस्थेनं द्यावी, कारण रिकाम्या पोटी कोणी पाना धरत नाही. ब्रेक पाइप, क्रॉस, फॅनबेल्ट, डिझेल फिल्टर, सील यांची एक पेटी पाड्यावर कायम भरलेली असावी. आणि गाडीबद्दलचा निर्णय ज्या बैठकीत होईल, तिथं ती चालवणारा तरुण बसलेला असावा.

हितचिंतकांना एक विनंती. नवी गाडी द्यायची इच्छा असेल तर जरूर द्या, आम्ही नव्याचे वैरी नाही. फक्त तिचा बिघाड कोण काढणार, भाग कुठून येणार आणि त्याला किती दिवस लागणार, हे विक्रेत्याला विचारून या. उत्तर 'मुंबईहून माणूस पाठवू' असं आलं, तर जुलै महिन्यात त्या माणसाला ओढ्याच्या या काठावरून पाडा दाखवून आणा.

आमची शेड रविवारी सकाळी नऊला उघडते. सध्या काम गिअर बॉक्सचं चाललंय. ज्यांना यायचंय त्यांनी जुने कपडे घालून यावं आणि जमलं तर पाच लिटर गिअर ऑइल आणावं. चहा भाई देतात.